हवा तर थंड येते

“काय निघालं?” आईनं स्वयंपाकघरातून विचारलं. मी म्हणालो, “धूळ होती.” ती “बरं” म्हणाली, कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि विषय संपला. एप्रिलमधला रविवार, अकोल्यातलं आमचं घर, दुपारचे साडेबारा. माझ्यासमोर कॉम्प्युटर आडवा, एका बाजूचं झाकण काढलेलं, बोटांना राखाडी पेस्ट लागलेली, शेजारी वर्तमानपत्रावर स्पिरिटनं भिजलेले कापसाचे बोळे. धूळ होतीच, त्यात काही खोटं नव्हतं. एवढ्या जुन्या मशीनमध्ये धूळ निघाली नसती तरच नवल. पण आईनं विचारलं होतं ते ‘काय निघालं’, आणि जे निघालं ते धूळ नव्हतं. ऑफिसात रोज कुणीतरी मला ‘इश्यू काय होता?’ असं विचारतं, उत्तर देणं हा माझा पोटापाण्याचा धंदाच आहे, आणि त्या रविवारनंतर प्रत्येक वेळी तोंड उघडण्याआधी मला तो कुकर ऐकू येतो.

कॉम्प्युटर २०१० सालचा. आई जिल्हा परिषदेतून निवृत्त झाली त्या वर्षी तिनं स्वतःच्या पैशांनी घेतलेला. पेन्टियम ड्युअल कोअर, काळं पत्र्याचं कॅबिनेट, समोरचं बटण दाबून दाबून पांढरं पडलेलं. आई नोकरीत टंकलेखक होती. मराठी टायपिंगची तीसची आणि चाळीसची, दोन्ही परीक्षा ती लग्नाआधी पास झाली, आणि नव्या माणसाला ओळख करून देताना ती पदवीच्या आधी चाळीसची परीक्षा सांगते. निवृत्तीनंतरचा कॉम्प्युटर हा छंद नव्हता. गोरक्षण रोडच्या आसपासच्या दोन-तीन शिकवण्यांच्या मराठी माध्यमाच्या प्रश्नपत्रिका ती टाइप करून देते, पानाप्रमाणे पैसे घेते, आणि सरांच्या हस्ताक्षरातल्या शुद्धलेखनाच्या चुका न विचारता दुरुस्त करते. फॉन्ट कृतिदेव, कारण त्याचा कळफलक जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरसारखा. आधी अर्धा ‘ग’, मग त्याला काना. तिच्या बोटांना अक्षरं अशी तुकड्यांनीच माहीत आहेत. मी तिला आजवर तीनदा लॅपटॉप देऊ केला. तिन्ही वेळा तिनं त्याच्या कीबोर्डवर बोटं टेकवून पाहिली आणि म्हणाली, “याच्यावर दणका बसत नाही.”

मार्चच्या मध्यावर तिचा पहिला फोन आला. “बाबू, ते आपोआप बंद पडलं.” सातवीची भूमिती चालू होती, चौथा प्रश्न, आणि स्क्रीन काळी. मी मीटिंगमध्ये होतो. ‘परत चालू कर’ म्हणालो. चालू झालं, आणि मी विसरून गेलो. दोन दिवसांनी पुन्हा. मग रोज. मग दिवसातून दोनदा. वार्षिक परीक्षांचे दिवस, सरांची मुलं पेन ड्राइव्ह घेऊन दारात उभी, आणि इकडे पान भरत आलं की मशीन मान टाकणार. “जाऊ दे, मी पुन्हा टाइप करतो,” असं ती म्हणायची. (आमच्याकडे बायकाही ‘करतो, येतो, जातो’च म्हणतात. पुण्यात कॉलेजला आल्यावर मित्रांनी आईचा फोन ऐकून माझी भरपूर टिंगल केली होती आणि मी काही महिने फोन घ्यायला गच्चीवर जात असे. हे इथं सांगायचं कारण नाही, पण आठवलं.)

आता, मी हेच काम करतो. हिंजवडीत एका काचेच्या इमारतीत, जिथं मे महिन्यातही लोक खुर्चीवर जॅकेट लटकवून ठेवतात, तिथं बसून मी दिवसभर दुसऱ्यांची मशीन दुरून बघतो. त्यामुळे आईच्या मशीनचंही मी तसंच केलं. तिला एनीडेस्क चालू करायला लावलं आणि पुण्यातून तिच्या विंडोज सेव्हनमध्ये शिरलो. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला. तिथं कर्नल-पॉवर ४१, कर्नल-पॉवर ४१, लाल खुणांची रांग. ज्यांनी ही नोंद कधी पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे की ती काहीही सांगत नाही. मशीन नीट बंद न होता बंद पडलं आणि मग चालू झालं, एवढंच. का पडलं, ते विचारू नका. पंचनाम्यात ‘इसम मृत अवस्थेत आढळला’ लिहावं तसं. मी आधी अँटिव्हायरस चालवला. मग व्होल्टेज. अकोल्यात मार्चपासून कूलर सुरू झाले की संध्याकाळी दिवे मंद होतात, हे लहानपणापासून पाहिलेलं, म्हणून म्हटलं व्होल्टेजच असणार. यूपीएस काढून थेट भिंतीतून, मग दुसऱ्या खोलीतल्या बोर्डावरून. दर वेळी कॉम्प्युटर हलवायचा कुणी, तर बाबांनी. बाबांचं मत पहिल्या दिवसापासून एकच होतं: नवीन घ्या. ते कशाच्याही बाबतीत त्यांचं मत असतं, आणि स्वतःच्या चपलांच्या बाबतीत मात्र ते तीनदा अंगठा शिवून आणतात.

एकदा माझ्यासमोरच बंद पडलं. तापमान दाखवणारं एक छोटं सॉफ्टवेअर मी तेव्हा तिथं टाकलं होतं. आकडा चढत होता, ७९, ८४, ८८, आणि माझ्या स्क्रीनवर ‘कनेक्शन तुटलं’ची पाटी. म्हणजे व्होल्टेज नव्हे, ताप. डॉक्टरला थर्मामीटर लावायला पंधरा दिवस लागले, एवढंच.

“आई, ते गरम होतंय,” मी फोनवर म्हणालो, शोध लागल्याच्या सुरात.

“हे मी तुले पहिल्या दिवशीच सांगितलं होतं,” ती म्हणाली.

सांगितलं होतं. नुसतं सांगितलं नव्हतं, लिहून ठेवलं होतं. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असतं आणि त्याच्या चौकोनात आई दुधाचा हिशोब लिहिते: १, १, दीड, सुट्टी. मार्चच्या पंधरा तारखेपासून दुधाच्या आकड्याखाली बारीक अक्षरात दुसरी नोंद सुरू झाली होती. ‘बं’ आणि वेळ. बं ११.४०. बं ४.१०. ज्या दिवशी बंद पडलं नाही त्या दिवशी आडवी रेघ. ही नोंद ती मला रोज फोनवर वाचून दाखवायची आणि मी ‘हूं’ म्हणत दुसऱ्या विंडोत कुणाचं तरी तक्रारीचं तिकीट बंद करायचो. त्यात काय नव्हतं! सकाळी सात ते नऊ कधी बंद पडत नाही. नुसतं टाइप करताना उशिरा पडतं, स्कॅन केलेल्या आकृत्या उघडल्या की लवकर. पाडव्याच्या दिवशी ढग आले होते, त्या दिवशी रेघ. बंद पडायच्या आधी आतला पंखा ओरडायला लागतो, आधी मिक्सरसारखा, मग जाड आवाजात, आणि मग सगळं एकदम गप्प. माझ्या ऑफिसात एखाद्या ग्राहकानं अशी नोंद पाठवली असती तर मी ती टीममध्ये फिरवली असती.

आणि मग तिनं ते वाक्य म्हटलं. मी तिला एका बाजूचं झाकण काढून ठेवायला सांगितलं होतं, समोर टेबल फॅन लावायला सांगितलं होतं. बाबांनी चार स्क्रू काढले. आई म्हणाली, “मी आतल्या पंख्यासमोर हात धरून पाह्यला. पंखा जोरात फिरून राह्यला, पण हवा तर थंड येते. इतकं तापलं असतं तर हवा गरम नाही यायले पाहिजे का?”

मी म्हणालो, “आई, तुला त्यातलं नाही कळणार. मी सांगतो तेवढं कर.”

ती काही बोलली नाही. तसं तर मी ग्राहकांनाही म्हणत नाही. ग्राहकांना ‘आय अंडरस्टँड’ म्हणायचं असतं.

आता मागं वळून पाहतो तर हसू येतं, आणि ते चांगलं हसू नाही. कारण उष्णतेबद्दल अकोल्याच्या बाईला काय शिकवायचं? ज्या गावात मे महिन्यात पारा ४५च्या पुढं जाणं ही बातमी नसते, तिथं उष्णता कुठून येते, कुठं साठते आणि कुठून बाहेर काढायची हेच घर चालवणं असतं. होळी झाली की आई कूलर पुसून घेते, जुन्या टट्ट्या काढून नव्या बसवते, वाळ्याच्या परवडल्या तर वाळ्याच्या, आणि पहिल्या दिवशी पाणी सोडलं की घरभर ओल्या मुळांचा वास येतो. कूलर खिडकीत बसवताना समोरचं दार किती फटीनं उघडं ठेवायचं हे तिला बोटभर अंतरानं माहीत आहे. हवा आत आली तर ती कुठूनतरी बाहेर गेली पाहिजे, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो आणि अंगाला कपडे चिकटतात. माठ तिसऱ्या उन्हाळ्याला टाकून देते. का, तर त्याची बारीक छिद्रं क्षारांनी बुजतात, पाझर थांबतो, आणि पाझर थांबला की पाणी नुसतं ओलं राहतं, थंड होत नाही. बाबा बाहेर निघाले की दुपट्टा आणि खिशात कांदा. कांद्यावर माझा विश्वास नाही, पण त्या बाईनं उन्हाळ्याशी सत्तरच्या वर हिशोब मिटवलेत, आणि मी, जो बाराही महिने २३ अंशांत बसतो, तिला सांगत होतो की तुला त्यातलं कळणार नाही.

त्याच आठवड्यात मी आणखी एक शहाणपणा केला. तापमान वाढण्याचं कारण एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, असावं असं ठरवून नवीन एसएमपीएस ऑनलाइन मागवून घरी पाठवून दिलं. ते लावायला आईनं तिच्या ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. तिशीतला मुलगा, जठारपेठेत गाळा, आईला काकू म्हणतो, प्रिंटरची काडतुसं भरून देतो. त्यानं एसएमपीएस लावायच्या आधी कॉम्प्युटर चालू करून दहा मिनिटं नुसता पाहिला, मग आत बोट घातलं आणि मला फोन लावला. “भाऊ, एसएमपीएस जुनाच चांगला आहे. खाली आग लागली अन् तवा थंडा, असं झालं हे. सिंक बराबर बसवलंच नाही कोणं.”

सिंक म्हणजे हीटसिंक, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा; पंखा त्याच्यावरच बसतो. ‘कोणं’ हा शब्द मला टोचला. का टोचला ते मी तेव्हा बघितलं नाही. त्याला म्हणालो, “ते राहू द्या. तुम्ही एसएमपीएस तेवढं लावा.” माझ्या आवाजात पुणं होतं. तो “ठीक आहे” म्हणाला, लावून गेला, दीडशे रुपये घेतले. संध्याकाळी मी आईला सांगितलं की हे लोक काहीतरी काढून ठेवतात, खर्च वाढवतात. पुढच्या दिवशी कॅलेंडरवर: बं ११.१५, बं १२.३०, बं ४.

इथं थोडं आडवळण. कॉलेजात असताना, मला वाटतं दुसऱ्या वर्षी, आम्ही सायबर कॅफेत बसून एक व्हिडिओ पाहिला होता. टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळानं २००१ मध्ये केलेला, आमच्यापर्यंत सीडीवरून सीडीवर करत उशिरा पोचलेला. त्यात चालू कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरचं हीटसिंक सरळ उपटून काढतात. एएमडीचा अॅथलॉन काही क्षणांत धूर सोडून जळून जातो. इंटेलचा पेन्टियम फोर मात्र गोगलगाय होतो. गेम अडखळत चालतो, पण मरत नाही, आणि सिंक परत ठेवलं की पुन्हा पळायला लागतो. आम्ही तो व्हिडिओ आठ-दहा वेळा पाहिला असेल, मुख्यतः धूर बघायला. पुढं काही वर्षांत प्रोसेसर स्वतःचा ताप स्वतः मोजायला लागले, सगळेच. आधी वेग कमी करतात आणि तेवढ्यानं भागलं नाही तर वीज तोडतात. आईच्या मदरबोर्डवर तर बायोसमध्येच, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्येच, ‘बंद होण्याचं तापमान’ असा पर्याय आहे, आणि तो ९०वर लावलेला होता. म्हणजे ते मशीन बिघडल्यामुळे बंद पडत नव्हतं. नेमून दिलेलं काम चोख करत होतं. हा धडा मला येत होता. सिंक टेकलेलं नसलं की काय होतं हे मी विसाव्या वर्षी आठ-दहा वेळा पाहिलेलं होतं.

शेवटी शनिवारी रात्रीची बस पकडून मी गेलो. सकाळी सहाला उतरलो तर स्टँडवर हवा अजून चांगली होती, सकाळची हवा असते तशी. आठनंतर ती घराच्या भिंतीतून यायला लागते. आईनं पोहे केले, बाबांनी स्क्रू ड्रायव्हर आधीच काढून ठेवला होता. मी झाकण काढलं, टॉर्च मारला आणि पहिलं जे दिसलं ते म्हणजे एक काळी पिन, बाकी तिघींपेक्षा वर आलेली. साधारण ज्वारीच्या दाण्याएवढी वर.

इंटेलच्या त्या काळच्या पंख्याला चार कोपऱ्यांत चार प्लास्टिकच्या पिना असतात. प्रत्येकीच्या डोक्यावर बाण कोरलेला. बाणाच्या दिशेनं फिरवली की सुटते, उलट फिरवून वरून दाबली की बोर्डाच्या भोकात जाऊन ‘टक्’ असा आवाज करून अडकते. समोरासमोरच्या दोन आधी, मग उरलेल्या दोन. जोर इतका लावावा लागतो की बोर्ड वाकतो आणि आता तुटणार असं वाटून माणूस हात मागं घेतो. सगळी गोम त्या हात मागं घेण्यात आहे. चौथी पिन बसली नाही तर सिंक पडत नाही, तीन पिनांवर छान उभं दिसतं, फक्त एका कोपऱ्यात केसभर उचललेलं राहतं. त्या केसभर जागेत हवा. गोधडीत ऊब कशानं येते, तर तिच्या थरांत अडकलेल्या हवेनं. तीच हवा इथं ६५ वॅटच्या चिपवर पांघरूण म्हणून घातलेली. नखाएवढ्या जागेत जुन्या साठच्या बल्बची उष्णता, तिच्यावर गोधडी, आणि गोधडीवर पंखा बोंबलत फिरतोय. त्यानं उडवलेली हवा थंड येणार नाही तर काय होणार.

सिंक उचललं. खाली चिपचा पत्रा स्वच्छ चकचकीत होता. चिप आणि सिंक यांच्यामधली फट भरायला लावतात त्या पेस्टचा मागमूस नाही.

आणि हे मात्र विसरण्यासारखं नव्हतं. दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, मी हा कॉम्प्युटर ‘साफ’ केला होता. घरात सगळीकडे साफसफाई, मला काहीतरी करून दाखवायचं होतं. दहा वर्षांचा भाचा बाजूला बसलेला, मामा सगळं उघडतोय म्हणून डोळे मोठे करून बघणारा. ब्रशनं धूळ झाडली तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण भाच्यासमोर मी पंख्यासकट सिंक काढलं, खाली वाळून खडखडीत झालेली करडी पेस्ट होती ती घाण म्हणून कापडानं पुसून काढली, आणि नवी लावायची तर दुकानं बंद. ‘पाडव्याला आणू’ म्हटलं. सिंक तसंच बसवलं. टक्, टक्, टक्. चौथ्याला बोर्ड वाकला, मी हात मागं घेतला, भाच्याला म्हणालो, “झालं.” आई तेव्हा दारात रांगोळीचा डबा घेऊन उभी होती. पाडव्याला आम्ही सगळे पाहुण्यांकडे गेलो.

मग इतके महिने चाललं कसं? तेही मी तिथं बसल्या बसल्या जुळवलं, कारण आता हात कामाला लावायचा धीर नव्हता आणि डोकं तेवढं रिकामं होतं. तशा बसवलेल्या सिंकमुळे चिप खोलीपेक्षा साधारण ५५ अंशांनी जास्त तापत असावी. दिवाळीनंतर थंडी, खोलीत वीस-बावीस अंश. म्हणजे पंचाहत्तर-सत्याहत्तर. बायोसला हरकत नाही. जानेवारी, फेब्रुवारी, काही नाही. मार्चच्या मध्याला खोली पस्तिशीला पोचली आणि बेरीज नव्वदच्या दारात गेली. दोष माझा, तो दिवाळीतला, आणि उन्हाळा यायची वाट बघत चार-साडेचार महिने तिथंच दबा धरून बसलेला. ढगाळ दिवशी रेघ. सकाळी सात ते नऊ काही नाही. आईच्या कॅलेंडरमध्ये हे सगळं लिहिलेलं होतं, बेरीज तेवढी करायची राहिली होती.

पेस्ट पाहिजे होती. रविवारी अर्ध्या दिवसापुरता उघडा असणारा गाळा एकच होता, आणि तो कुणाचा ते सांगायला नको. जठारपेठेत गेलो. उन्हात डांबर चपलेला धरत होतं. गाळ्यात एक लहान कूलर, त्याच्यासमोर उघडी मशीन ओळीनं, सोल्डरिंगचा आणि ओल्या लाकडाच्या भुशाचा मिळून एक वास. तो मला आवाजावरून ओळखेल अशी भीती होती आणि त्यानं पहिल्या वाक्यालाच ओळखलं. “काकूंचे भाऊ ना तुम्ही? म्हणजे, मुलगा.” मी थर्मल पेस्ट मागितली. त्यानं लहान सिरिंज काढून ठेवली. मग न विचारता खणातून एका डबीतल्या जुन्या पिनांतली एक निवडून वर ठेवली. “हे घेऊन जा. चौथी वाली घासली असंल. दाबताना बोर्डाखाली बोट ठेवा जी, मग भेव नाही वाटत.” पेस्टचे पैसे घेतले, पिनेचे नाही. बोर्डाखाली बोट ठेवायची युक्ती मला वीस वर्षांत कुणी सांगितली नव्हती. मी ‘त्या दिवशी फोनवर’ अशी काहीतरी सुरुवात केली, तेवढ्यात कुणीतरी काडतूस भरायला आलं.

घरी येऊन स्पिरिटनं दोन्ही पृष्ठभाग पुसले, तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट मध्यावर, त्याहून जास्त नाही. लोक लोण्यासारखी थापतात. पण तिचं काम तिथल्या हवेला हुसकणं एवढंच, उष्णता धातूतूनच जायची असते. सिंक ठेवलं. बोर्डाखाली डावं बोट. टक्, टक्, टक्, टक्. चौथा आवाज इतका स्पष्ट होता की बाबांनी पेपरातून वर पाहिलं. चालू केलं. खोलीत ३९ होते. भूमितीच्या सगळ्या स्कॅन केलेल्या आकृत्या एकदम उघडल्या, वर एक व्हिडिओ लावला, आणि आकडा ६१ला जाऊन तिथंच घुटमळत राहिला. पंखा कुजबुजल्यासारखा फिरत होता. पंधरा मिनिटं मी त्या आकड्याकडे बघत बसलो.

आणि मग आईनं आतून विचारलं, “काय निघालं?”

त्या क्षणी मी ठरवून खोटं बोललो असं नाही. ठरवायला वेळच नव्हता. ‘धूळ’ हा शब्द तयार होता, आमच्या धंद्यात तो नेहमी तयार असतो. धुळीला नाव नसतं, ती कुणी टाकलेली नसते, ती बसते. मी दिवसातून चारदा लोकांना ‘धूळ होती’, ‘अपडेटमुळे झालं’, ‘केबल सैल होती’ असं सांगतो, आणि त्यातल्या निम्म्या वेळा केबल आपोआप सैल झालेली नसते. पण ते ग्राहक. इथं कुकर होता, कॅलेंडर होतं, एक बाई तीन आठवडे एकेक पान दोन-दोनदा टाइप करत होती, आणि ती माझ्यावर रागावलीही नसती. तीच तर पंचाईत. रागावणार असती तर कदाचित सांगितलं असतं. फोनवर तो मुलगा ‘कोणं’ म्हणाला तेव्हाच मला आठवलं होतं का? खरं सांगायचं तर, पुरतं आठवलं नव्हतं, पण आठवू नये म्हणून मी आवाज चढवला होता, एवढं आता कळतं. ‘तुम्ही एसएमपीएस तेवढं लावा’ हे वाक्य दुसऱ्या कशासाठी म्हणायचं?

जेवताना आई पोळी वाढत म्हणाली, “धुळीचं तर त्या पोरानंही पाह्यलं होतं म्हणा.” एवढंच. वांग्याची भाजी होती. मी वाकून जेवत राहिलो. बाबा म्हणाले, “चाललं ना आता? मग नवीन नको घेऊ.”

रात्रीच्या बसनं परत आलो. त्याच्या पुढच्या आठवड्यात मी आईला फोनवर खरं सांगायचं दोनदा ठरवलं. एकदा तिच्याकडे शिकवणीचे सर बसलेले होते. दुसऱ्यांदा कुणी नव्हतं, मीच कॅलेंडरचा विषय काढला, विचारलं रेघा किती झाल्या. म्हणाली, “सोडलं ते लिहिणं. दुधाचंच लिहितो आता.” मग थांबली. मागं कूलरचं पाणी टाकीत पडल्याचा आवाज येत होता.

“काल मी पुन्हा हात धरून पाह्यला तिथं,” ती म्हणाली.

“मग?”

“गरम येते आता हवा.”